एसएसएलसीनंतर बेळगावात पीयू की कोल्हापूरला अकरावी?

सायन्सच घ्यायचं ठरलंय, एसएसएलसीला म्हणजे कर्नाटकातल्या दहावीला मार्क पण चांगले पडलेत, आता बेळगावातच पीयू म्हणजे इकडची अकरावी-बारावी करायची की कोल्हापूरला अकरावीला पाठवायचं, हा विषय आमच्या बेळगावजवळच्या उचगाव-बेळगुंदीकडं दर मे महिन्यात घराघरात चालू असतोय. आमच्याकडं दोन्ही झालंय. थोरलीला कोल्हापूरला ठेवलं होतं, धाकट्याला बेळगावात घातलं. थोरलीचं चांगलंच झालं, त्यामुळं कोल्हापूर वाईट असं मी कधीच म्हणणार नाही.

मराठी शाळेतून आलेल्या पोराला कोल्हापुरात मोठा आधार मिळतो. पुस्तक इंग्लिश असलं तरी समजावून सांगताना सर मराठीत येतात, नोटीस मराठीत, ऑफिसातला क्लार्क मराठीत बोलणार. बेळगावात तसं नाही, अवघड भाग आला की बरेच लेक्चरर कन्नडमध्ये समजावतात आणि आमच्या पोराचं कन्नड म्हणजे दहावीपर्यंतची तिसरी भाषा, वाचता येतंय पण डेरिव्हेशन कन्नडमध्ये ऐकून डोक्यात कसं जाणार? सुरुवातीला लई हैराण झाला. शेजारच्या बेंचवरचा कन्नड पोरगा त्याला हळू आवाजात सांगायचा, आणि दिवाळीपर्यंत बसलं एकदाचं. लँग्वेजला मराठी घेता येते, पण सगळ्याच कॉलेजात शिकवत नाहीत, ते फॉर्म भरायच्या आधी विचारून घ्या.

राहणं, मेस, खर्च हे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडतो. फक्त २०२२च्या डिसेंबरात सीमेवरनं वातावरण तापलं आणि महाराष्ट्राच्या एसट्या इकडं यायच्या बंद झाल्या तेव्हा पोरगी तिकडं होती, ते दिवस आम्हाला जड गेले एवढं सांगतो.

पण माझा निर्णय झाला तो रिकाम्या वर्गामुळं. बोनाफाईडसाठी एकदा तिच्या कॉलेजात गेलो होतो, भर अकरा वाजता, फिजिक्सचा तास, आणि वर्गात पुढच्या बेंचवर दोन-तीन पोरी. सर खडू घेऊन उभे. बाकीची कुठं आहेत विचारलं तर पोरगी म्हणाली, पप्पा सगळी अ‍ॅकॅडमीत म्हणजे खासगी क्लासात असतात, कॉलेजला प्रॅक्टिकल आणि जर्नलच्या सहीपुरतं यायचं. म्हणजे फी दोन ठिकाणी, आणि शंका विचारायला अ‍ॅकॅडमीत एवढी गर्दी की हिचा नंबरच लागायचा नाही. कॉलेजातले सर शिकवायला तयार होते हो, समोर ऐकायला कोण नव्हतं. त्याचा मला आजही त्रास होतो.

सगळीकडं असंच असेल असं नाही, आणि बेळगावात पण आता इंटिग्रेटेडवाली, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र असलेली कॉलेजं आहेत. तरी फरक पडतोय, आणि त्याला माझ्या मते कारण आहे. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगचा नंबर एमएचटी-सीईटी या तिकडच्या प्रवेश परीक्षेच्या स्कोअरवर लागतो, बारावीत ओपनला ४५ टक्के पडले की पात्र, मग वर्गात बसायचं कशाला असं पोरांना वाटणारच. कर्नाटकात सेकंड पीयूचे म्हणजे बारावीचे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सचे मार्क निम्मे आणि केसीईटी या इकडच्या प्रवेश परीक्षेचे निम्मे धरून रँक काढतात, त्यामुळं बोर्डाच्या अभ्यासाला किंमत राहते. धाकट्याचा वर्ग भरलेला असतो, हजेरी कमी पडली की घरी फोन येतो, टेस्टचा पेपर सही करून परत द्यावा लागतो. त्यात २०२४पासून सेकंड पीयूच्या एका वर्षात एकापेक्षा जास्त परीक्षा घेतात आणि जास्त मार्क पडले ते धरतात, पोराला तेवढाच धीर. मेडिकलसाठी नीट देणाऱ्यांना रँकचा हा हिशोब लागू नाही, पण नीटचा अभ्यास ज्यावरनं करतात ती एनसीईआरटीचीच पुस्तकं पीयू सायन्सला आहेत, त्याचा त्यांना उपयोग होतोच.

इकडं पीयू केली की महाराष्ट्र बंद होतो ही भीती मात्र काढून टाका. महाराष्ट्राचा दावा असलेल्या ८६५ गावांच्या भागातून दहावी-बारावी केलेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या पोरांसाठी तिकडच्या इंजिनिअरिंग प्रवेशात वेगळा प्रकार आहे, एमएचटी-सीईटी तेवढी द्यायची. उलटं पण जमतं, पहिली ते दहावी कर्नाटकात झाली असेल तर बारावी कोल्हापुरातनं करून केसीईटी देता येते.

पोरगं कन्नडला अगदीच बिचकत असेल किंवा कोल्हापुरात जवळचं कोणी राहत असेल तर कोल्हापूरचा विचार जरूर करा. नाहीतर माझा कल बेळगावकडंच. आणि कुठंही घाला, पण पोरगं दहावीत असतानाच नोव्हेंबरात एखाद्या कामाच्या दिवशी त्या कॉलेजात जा आणि चालू तासाला बारावीच्या वर्गात किती पोरं बसलीत ते दारातनं बघून या.