कॉफी विथ करण : कप तोच, पाहुणे जपून बोलणारे

2004 साली स्टार वर्ल्ड वाहिनीवर आलेला करण जोहरचा हा सेलिब्रिटी गप्पांचा शो 2022 च्या सातव्या सीझनपासून फक्त हॉटस्टारवर दिसू लागला. आणि टीकाही वाढली. लग्न कधी, कोण कोणाला डेट करतंय, बेडरूममध्ये काय चालतं. त्याच विहिरीत पुन्हा पुन्हा पोहरा. शिवाय दर एपिसोडला आलिया भटचं नाव. त्यावरून तर सातव्या सीझनच्या शेवटच्या भागात शोच्याच ज्युरीने करणला टोमणे मारले.

खरा बदल 2019 नंतरचा. क्रिकेटपटू हार्दिक पांड्या आणि के. एल. राहुल यांचा भाग बायकांबद्दलच्या शेऱ्यांमुळे काढून टाकावा लागला, बीसीसीआयने दोघांना निलंबित केलं. तेव्हापासून पाहुणे तोलूनमापून बोलतात आणि रॅपिड फायर, म्हणजे झटपट प्रश्नांची फेरी, तिथली उत्तरंही हॅम्परसाठी (जिंकणाऱ्याला मिळणारी भेटवस्तूंची टोपली) पाठ केलेली वाटतात. (हॅम्परची हौस मात्र कोट्यधीशांनाही!)

शो रंगतो तो पाहुणा उलटून बोलला की. 2017 मध्ये अभिनेत्री कंगना राणावतने समोर बसून करणला घराणेशाहीवरून सुनावलं, करणचं हसू आखडलं, आणि तो वाद पुढे वर्षानुवर्षं चालला. सातव्या सीझनमध्ये अभिनेत्री समांथानेही करणला तोंडावर टोला हाणला. नवखे असाल तर हे दोन भाग आधी बघा. मित्रामित्रांच्या जोड्यांचे बिनधास्त वगळा.