ॲडम्स: अणुप्रकल्पांची जुनी दुखणी फुकटात वाचायला देणारी लायब्ररी, एका मेंटेनन्सवाल्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, मी काही अणुभट्टीवाला नाही. तारापूर एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, 19 वर्षं झाली. अणुवीज केंद्र जवळच, 1969 पासून चालू, बोईसरात दोन बिल्डिंगा सोडून तिथला कोणी ना कोणी राहतोच, पण त्या गेटच्या आत जायचा माझा कधी संबंध आला नाही. तरी गेले चार महिने रात्री जेवण झालं की मी अमेरिकेतल्या अणुप्रकल्पांचे जुने रिपोर्ट वाचत बसतो आणि बायको विचारते, तिकडे नोकरीबिकरी बघताय की काय. म्हटलं ज्याने हे वेड लावलं त्याचा रिव्ह्यू तरी लिहून टाकू.

ॲडम्स म्हणजे अमेरिकेच्या न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशनची, एनआरसीची, ऑनलाइन कागदपत्रांची लायब्ररी. आपल्याकडे अणुसुरक्षेवर नजर ठेवणारी एईआरबी तशी तिकडे एनआरसी. पैसे नाहीत, लॉगिन नाही, कुठल्या देशातून आलात ते कोणी विचारत नाही. प्रत्येक कागदाला एमएलने सुरू होणारा नंबर असतो, तो टाकला की पीडीएफ समोर.

मी तिथे पोचलो तो आमच्या एका ब्रेकरमुळे. शटडाऊनमध्ये टेस्टिंग चालू होतं, जुना एअर सर्किट ब्रेकर, त्याच्या यूव्ही कॉइलची म्हणजे अंडरव्होल्टेज कॉइलची सप्लाय काढली की ब्रेकर फटकन पडायला, म्हणजे उघडून करंट तोडायला पाहिजे, तर हा पठ्ठ्या ढिम्म. पॅनेलवरचं पुशबटण दाबलं तर लगेच पडला. परत चार्ज केला, परत सप्लाय काढली, परत ढिम्म. लाइव्ह लाइनवर हे झालं असतं तर काय, असा विचार आला आणि पोटात गोळा आला खरं सांगतो. हिस्टरी कार्ड मागवलं तर कार्ड एकदम चकाचक, दर सहा महिन्यांनी 'क्लीनिंग, ग्रीसिंग, ऑपरेशन चेक, ओके', खाली सही. एएमसीवाल्याचा, म्हणजे वर्षाचं मेंटेनन्स कंत्राट घेतलेल्याचा, सुपरवायझर आला (कंपनीचं नाव घेत नाही, भांडण वाढवायचं नाही), म्हणाला, "साहेब, कार्ड भरलंय ना? मग झालं तर."

त्या रात्री मी नेटवर ब्रेकर ट्रिप न होण्याच्या केसेस शोधत होतो आणि सेलम सापडलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. सेलम अमेरिकेत न्यू जर्सीत, डेलावेअर नदीच्या काठावर. 25 फेब्रुवारी 1983, मध्यरात्र उलटून 21 मिनिटं झालेली, युनिट 1 चालू करत होते, पॉवर अजून कमीच होती. स्टीम जनरेटरमधली पाण्याची लेव्हल खाली गेली, सिस्टीमने आपोआप रिॲक्टर बंद करायचा सिग्नल दिला. दोन ट्रिप ब्रेकर सिरीजमध्ये, एक जरी उघडला तरी कंट्रोल रॉडची सप्लाय जाते, रॉड खाली पडतात आणि भट्टी थांबते. दोन्ही उघडले नाहीत. दोन्ही! ऑपरेटरने साधारण 30 सेकंदांनी हाताने ट्रिप केलं म्हणून निभावलं. आणि हाताने का चाललं माहितीये? ऑटोमॅटिक सिग्नल फक्त यूव्ही कॉइलला जात होता आणि हाताच्या स्विचने यूव्हीबरोबर शंट कॉइललाही (करंट मिळाला की ब्रेकर पाडणारी वेगळी कॉइल) करंट मिळायचा, शंट कॉइल ठणठणीत. मी खुर्चीत सरळ होऊन बसलो, कारण आमचा ब्रेकर डिट्टो हेच करत होता, यूव्हीवर मेला आणि बटणावर शंटने उठला. आमचा एका केमिकल प्लँटचा जुना डबा आणि त्यांचा वेस्टिंगहाऊसचा डीबी-50, पण दुखणं तेच.

आता खरी गंमत, आणि याच्यासाठीच मी ह्या लायब्ररीला एवढे मार्क देतोय. तपासवाले तिथे थांबले नाहीत. कॉइलचं मेकॅनिझम चिकटलं, बदला आणि चालू करा, असं म्हणून फाइल बंद करता आली असती (आपण सगळे तेच करतो, खोटं कशाला बोला). ते मेंटेनन्सच्या इतिहासात घुसले. घाण, वंगण नाही, झीज, डिझाइनपेक्षा जास्त वेळा वापर, ही कारणं लिहिली आणि मग पुढचा प्रश्न, की हे वेळेवर कोणी साफ का नाही केलं? तर बनवणाऱ्या कंपनीने 1974 मध्येच कळवलं होतं की ह्या पार्टची साफसफाई आणि वंगण असं असं करा. ते प्लँटच्या मेंटेनन्स प्रोसिजरमध्ये आलंच नाही. नियमित मेंटेनन्सचं शेड्यूल नाही. जानेवारी 1983 मध्ये शेजारच्या युनिट 2 मध्ये असाच एक ब्रेकर अडकला होता, म्हणून मग युनिट 1 च्या ब्रेकरवर काम काढलं, पण त्या वर्क ऑर्डरवर काम सेफ्टीचं नाही असा शिक्का. रिॲक्टर बंद करणारा ब्रेकर आणि म्हणे सेफ्टीचा नाही! त्यामुळे क्वालिटीवाल्यांची नजर त्यावरून गेलीच नाही. म्हणजे कामही झालेलं, कागदही झालेला आणि महिन्याभरात दोन्ही ब्रेकर ठप्प.

ह्याच्याही पुढे एक गोष्ट आहे ती वाचून मी उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तीनच दिवस आधी, 22 फेब्रुवारीला, त्याच युनिटला लेव्हल लो-लो, म्हणजे फारच खाली, होऊन असाच ऑटोमॅटिक सिग्नल आला होता, आणि ऑपरेटरने जवळजवळ त्याच क्षणी हाताने ट्रिप केलं होतं. सगळ्यांना वाटलं ऑटोने झालं. रिॲक्टर बंद पडला ना, मग विषय संपला. 25 तारखेनंतर जेव्हा कॉम्प्युटरचे प्रिंटआउट काढले, सेकंदासेकंदाचा कुठला सिग्नल कधी आला ते, तेव्हा कळलं की 22 लासुद्धा ब्रेकर ऑटो सिग्नलवर पडलेच नव्हते. प्रिंटआउट तीन दिवस तिथेच होता. ज्याने बघायला पाहिजे त्याने बघितला नाही, एवढंच.

एनआरसीने 8,50,000 डॉलरचा दंड लावला, आणि जुलै 1983 मध्ये सगळ्या प्रकल्पांना पत्र काढलं, जेनेरिक लेटर 83-28. ते पत्र तर प्रत्येक मेंटेनन्स डिपार्टमेंटच्या भिंतीवर लावायच्या लायकीचं आहे: ट्रिप झाल्यावर प्रिंटआउट तपासा, सेफ्टीची उपकरणं कुठली त्याची यादी नीट करा, बनवणाऱ्यांकडून आलेली पत्रं हरवू देऊ नका, मेंटेनन्स झाल्यावर टेस्ट करून दाखवा, शंट कॉइलसुद्धा ऑटोमॅटिक सिग्नलला जोडा. भाषा सरकारी आहे, रुक्ष, एका वाक्यात तीन 'शाल' (इंग्रजीतलं shall, केलंच पाहिजे), पण एकदा सवय झाली की पोथीसारखं वाचता येतं.

वापरायचं कसं ते सांगतो, कारण नवीन माणूस तिथे हमखास हरवतो. प्लँटच्या नावाने शोधलं तर कागदांचा ढीग येतो, नोटिसा, मीटिंगची आमंत्रणं, लायसन्समधले बदल, सगळं. डॉकेट नंबरने, म्हणजे एनआरसीने त्या युनिटला दिलेल्या फाइल नंबरने शोधा. सेलम 1 चा 05000272, डेव्हिस-बेसचा (ह्या प्लँटची गोष्ट पुढे सांगतो) 05000346. मग कागदाचा प्रकार निवडा, आणि तो प्रकार म्हणजे 'लायसन्सी इव्हेंट रिपोर्ट', एलईआर. प्लँटमध्ये नोंद करण्यासारखं काही झालं की कंपनीला 60 दिवसांत हा रिपोर्ट द्यावा लागतो. चार-पाच पानांचा असतो, पहिलं पान फॉर्मचं, कुठला कॉम्पोनंट फेल झाला, कोणी बनवलेला, आणि पुढे वर्णन, कारण, काय उपाय केला. ह्यात मला सगळ्यात आवडलेला भाग शेवटी असतो, याच प्लँटमध्ये आधी असं काही झालं होतं का. नियमातच आहे, लिहावं लागतं. एवढीशी ओळ, पण ती लिहायची तर माणसाला जुनी फाइल उघडावीच लागते.

1999 च्या नोव्हेंबरच्या आधीचे बरेच कागद मात्र पीडीएफमध्ये नाहीत, नुसती नोंद, कागद मायक्रोफिशवर, म्हणजे बारीक फोटोच्या फिल्मवर. जे आहेत त्यातले पुष्कळसे स्कॅन, झेरॉक्सच्या झेरॉक्ससारखे, त्यात शब्द शोधता येत नाही, डोळ्यांनीच वाचायचं. आणि बनवणाऱ्या कंपनीचं गुपित किंवा सुरक्षेचं काही असेल तर तेवढा भाग कोरा. ते ठीकच आहे, मला कुठे भट्टी बांधायचीये.

दुसरी केस जी मी प्रत्येक नवीन ट्रेनीला सांगतो ती डेव्हिस-बेसची, ओहायो. मार्च 2002 मध्ये रिॲक्टरच्या झाकणावर नोझल 3 च्या (झाकणातून आत जाणारी एक नळी) बाजूला, रिॲक्टरच्या पाण्यातून झिरपलेल्या बोरिक ॲसिडने खाल्लेला खड्डा सापडला, जवळपास सहा इंच जाडीचं स्टील खाऊन टाकलेलं आणि आतल्या दाबाला थोपवून धरलेलं फक्त आतलं स्टेनलेस स्टीलचं पातळ अस्तर, सुमारे तीन अष्टमांश इंच. खड्डा भयानक आहेच पण माझा जीव अडकला तो एका फिल्टरमध्ये. रिॲक्टरच्या इमारतीतली हवा तपासणाऱ्या रेडिएशन मॉनिटरचे फिल्टर, हे साधारण महिन्याला बदलायचे. 1999 पासून ते लवकर चोंदायला लागले, त्यावर गंजाच्या रंगाची पूड. 2001 संपत आलं तेव्हा एक दिवसाआड बदलत होते. एक दिवसाआड! म्हणजे कोणीतरी टेक्निशियन इमानदारीत जात होता, फिल्टर काढत होता, नवीन घालत होता, रजिस्टरला नोंद करत होता, प्रत्येक नोंद बरोबर, प्रत्येक काम वेळेवर. गंज आत कुठेतरी होत होता आणि त्याचा हिशोब फिल्टरच्या रजिस्टरमध्ये लिहिला जात होता. आमच्या प्लँटला पण असा एक स्ट्रेनर आहे, पंधरवड्याला साफ करायचा तो आता आठवड्याला करतो आणि आम्ही काय केलं, तर शेड्यूल बदलून आठवड्याचं केलं. हे वाचल्यावर मी दुसऱ्या दिवशी पाइपलाइनवाल्यांना फोन लावला.

जपानमधल्या मिहामाचं ॲडम्सवर शोधायला जाऊ नका, ते खातं वेगळं, पण जाता जाता सांगतो कारण तो उलटा प्रकार आहे. 9 ऑगस्ट 2004 ला युनिट 3 चा एक पाइप फुटला, वाफेने पाच जण गेले. 10 मिलिमीटरचा पाइप झिजून काही ठिकाणी दीड मिलिमीटरसुद्धा उरला नव्हता. 1976 पासून, 28 वर्षं, त्या जागेची जाडी एकदाही मोजली नव्हती कारण तपासणीच्या यादीत ती जागा लिहायची राहिली होती. डेव्हिस-बेसला रजिस्टर ओरडत होतं, इथे रजिस्टरच नाही.

तर परत आमच्या ब्रेकरकडे. सेलम वाचून मला एक युक्ती मिळाली, की मेंटेनन्सचा कागद मेंटेनन्सच्याच कागदाशी जुळवून बघू नये, जो कागद दुसऱ्याच कामासाठी लिहिलेला आहे त्याच्याशी जुळवावा. आमच्या सबस्टेशनचा ऑपरेटर तासातासाला लॉगशीटवर करंट लिहितो, त्याला ब्रेकरच्या सर्व्हिसिंगशी काही देणंघेणं नाही. हिस्टरी कार्डवर ज्या तारखेला 'रॅक आऊट करून क्लीनिंग' (म्हणजे ब्रेकर पॅनेलमधून बाहेर ओढून) लिहिलं होतं त्या तारखेची लॉगशीट काढली. 210, 214, 208, 211 अँपिअर, सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत एकही शून्य नाही. चालू लोडवर ब्रेकर कोणी रॅक आऊट करतो का? मग आणखी तीन तारखा काढल्या, त्यातल्या दोनला तेच. सुपरवायझरसमोर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. तो बराच वेळ लॉगशीटच बघत बसला, मग म्हणाला, "त्या दिवशी परमिट मिळालं नव्हतं साहेब." परमिट आम्हीच द्यायचं असतं. आता बोला. त्याच्यावर चिडायला गेलो आणि निम्मा राग आमच्याच ऑफिसकडे वळला, प्रॉडक्शनवाले शटडाऊन देत नाहीत, आम्ही मागायला लाजतो आणि तो बिचारा बिल निघावं म्हणून कार्ड भरतो.

मार्क द्यायचे तर मजकुराला पाचपैकी पाच, फुकट आहे त्याचे वेगळे. जुन्या स्कॅनला तीन. सोपेपणाला अडीच, पण डॉकेट नंबर माहीत असेल तर चार. कोणी घ्यावं? ज्याच्या हाताखाली ब्रेकर, व्हॉल्व्ह, पंप, लिफ्ट, बॉयलर काहीही आहे त्याने. मोबाइलवर वाचू नका, डोळे जातील, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लंच टाइममध्ये बघा.

मी त्या एलईआरवरून उचलून आमच्या हिस्टरी कार्डवर एक नवीन रकाना छापून घेतला, 'मागे असं झालं होतं का?' मॅनेजर म्हणाले कोण भरणार. पहिलं कार्ड त्याच ब्रेकरचं, फोरमन काकांकडे दिलं, पुढच्या वर्षी रिटायर होतायत, कोणी त्यांना कधी काही विचारत नाही. संध्याकाळी कार्ड परत आलं. रकान्यात निळ्या पेनने लिहिलेलं: 'होय. 2019 च्या पावसाळ्यात, नंतर 2021 मध्ये. दोन्ही वेळा हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर पडला. तेव्हा लिहायला जागा नव्हती.'