रोड टॅक्सचा परतावा अडकलाय: आधी तक्रार की आधी माहितीचा अर्ज?

बदली झाली, गाडी महाराष्ट्रातून बेंगळुरूला नेली. एनओसी घेतली, तिकडचा आजीवन कर भरला, केए पासिंग, म्हणजे कर्नाटकची नोंदणी झाली. वाहनकर हा राज्यांचा विषय असल्याने कर्नाटकाने कर घेतला म्हणून महाराष्ट्र आपणहून पैसे परत करत नाही. इथे भरलेल्या एकरकमी करातल्या उरलेल्या वर्षांच्या रकमेसाठी अर्ज आपल्यालाच करावा लागतो. तो करून वर्ष उलटलं आणि खात्यात दमडीही आली नसेल, तर बहुतेक लोक दोनांपैकी एक वाट धरतात: राज्य सरकारच्या ‘आपले सरकार’ पोर्टलवर तक्रार, नाहीतर माहितीचा अधिकार.

तक्रारीची वाट सोपी. घरबसल्या होते, पैसे पडत नाहीत, टोकन क्रमांक मिळतो. परराज्यात राहणाऱ्याला ही सोय मोठी आहे. पण तक्रार फिरून शेवटी त्याच आरटीओच्या त्याच टेबलावर येते. मला उत्तर आलं, ‘प्रकरण कार्यवाहीत आहे’, आणि तक्रार निकाली निघाली. कार्यवाही कुठली, कोणाकडे, कधीपासून, यातलं काहीच कळलं नाही. वर्षभर वाट पाहिलेल्या माणसाला असं उत्तर देणं हा अन्याय आहे.

मग माहितीचा अर्ज टाकला. त्याला १० रुपये लागतात, आणि महाराष्ट्रात तो १५० शब्दांत, एकाच विषयावर बसवावा लागतो. उत्तराची मुदत ३० दिवस. सबळ कारण नसताना ती चुकवली, तर राज्य माहिती आयोग जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतो. तक्रारीमागे असा धाक नसतो.

प्रश्न मात्र नीट घाला. ‘परतावा का दिला नाही?’ असं विचारू नका. ‘का’चं उत्तर ही कायद्यातली ‘माहिती’ नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये सांगितलं आहे. त्याऐवजी लिहा: ‘आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या अर्जाचा दिनांकनिहाय प्रवास, तो ज्यांच्याकडे होता त्या अधिकाऱ्यांची पदनामे आणि फाइलवरील सर्व टिपणींच्या साक्षांकित प्रती द्याव्यात.’

माझ्या फाइलची टिपणी हातात आली तेव्हा उलगडा झाला. कार्यालयाने त्रुटीपत्र, म्हणजे अर्जातल्या उणिवा कळवणारं पत्र काढलं होतं, ते गेलं माझ्या जुन्या भाड्याच्या घराच्या पत्त्यावर. नवा पत्ता अर्जावर ठळक लिहिलेला होता.

अर्थात माहितीच्या अर्जाने पैसे मिळत नाहीत, कागद मिळतात. म्हणून माझा सल्ला: अर्ज करून वर्ष झालं असेल तर आधी माहिती मागा, मग त्या टिपणी जोडून तक्रार करा, तेव्हा ‘कार्यवाहीत आहे’ म्हणणं अवघड जातं. पण मुळात अर्जाची पोचच नसेल, तर आवक क्रमांकाशिवाय माहिती मागून फारसं हाती लागत नाही. तेव्हा आधी तक्रार करा, निदान नोंद तरी होते.

बाकीच्या वाटा थोडक्यात. ग्राहक आयोगाच्या नादी लागू नका. कर म्हणजे सेवेचं शुल्क नव्हे. २०१५ च्या सेवा हक्क कायद्याखाली अपील करता येतं, पण ती सेवा अधिसूचित यादीत असली तरच. यादी आधी पाहा. परतावा लेखी नाकारला असेल आणि रक्कम मोठी असेल, तर वकिलाशी बोलून उच्च न्यायालयात रिट याचिका करण्याचा विचार करा.

नुसतीच दिरंगाई असेल तर लोकायुक्तांकडे जाता येतं. पण तिथे गाऱ्हाणं १२ महिन्यांच्या आत मांडायचं असतं, म्हणून माहितीच्या उत्तराची वाट बघताना कॅलेंडरवरही नजर ठेवा.