ब्लूनोजचं लाकडी किट: फळ्या झकास, पुस्तिका भिकार

तीस वर्षं लोकांच्या दाढा कोरून दवाखाना बंद केला. त्यानंतर लेक हॅलिफॅक्सहून आली, ती बॅगेत कपड्यांच्या मधोमध जहाजाची छोटी प्रतिकृती जोडायच्या किटचं हे खोकं घालून. सोबत कॅनडाचं दहा सेंटचं नाणं. "आई, यावरचं जहाज तू कर." १९३७पासून त्या नाण्यावर शिडांचं जहाज आहे, तेच हे ब्लूनोज. नोव्हा स्कॉशियात लुननबर्गला १९२१मध्ये बांधलेलं, १४३ फूट लांब. कॉड मासे धरायचं आणि शर्यतीही जिंकायचं. १९४६मध्ये हैतीजवळ खडकावर आपटून बुडालं. माझं जेमतेम दोन फुटांचं आहे आणि डोंबिवलीत जेवणाच्या टेबलावर दीड वर्षं मुक्काम ठोकून आहे.

किट कोणत्या कंपनीचं ते सांगत नाही, कारण पुढे थोडं बोलणार आहे.

आधी चांगलं. लेझरने कापलेले भाग इतके नेमके की मधल्या कण्याच्या खाचांत आडवे तुकडे नुसत्या बोटाच्या दाबाने बसले. (कण्याला माझ्या आजोळी, रत्नागिरीकडे, पठाण म्हणतात. मीही तेच म्हणते.) आतल्या थराला बासवुडच्या मऊ पट्ट्या, बाहेरून अक्रोडाच्या. अक्रोडाच्या चार पट्ट्या वाकवताना काडकन मोडल्या, पण तेवढ्या जास्तीच्या दिलेल्या होत्या.

आता पुस्तिका. पट्ट्या लावणं हे या कामातलं सगळ्यात अवघड प्रकरण, आणि त्यावर वाक्य किती? एक. "पट्ट्या आकारानुसार लावाव्यात." पुढच्या चित्रात जहाज तयार! अहो, जहाज मध्ये फुगीर आणि नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, निमुळतं. सगळ्या पट्ट्या सारख्याच रुंदीच्या ठेवल्या तर पुढे जागाच उरत नाही, एकीवर एक चढतात. म्हणून प्रत्येक पट्टी टोकाकडे तासून बारीक करायची, आणि किती ते कागदाची चिंधी जहाजावर धरून मोजायचं. हे मला कळलं ते एक बाजू पूर्ण लावून झाल्यावर. तोवर पठाण केळ्यासारखा वाकला होता. वास्कोला राहणारे एक निवृत्त नौसैनिक हाच उद्योग करतात, त्यांना फोटो पाठवला. ताबडतोब फोन आला. "डॉक्टर, एक पट्टी उजवीकडे लावली की दुसरी डावीकडे! एकाच बाजूने ओढलंत तर वाकणारच." फेव्हिकॉल आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ होतो, तोही त्यांचाच सल्ला. अकरा पट्ट्या उचकटल्या. दुसऱ्या खेपेला पट्ट्या कोमट पाण्यात भिजवून लेकीच्या केस सरळ करायच्या यंत्रावर वाकवल्या आणि कपड्यांच्या चिमट्यांत धरल्या. यंत्राचं तिला अजून सांगितलेलं नाही.

खरं तर अशा ठिकाणी दवाखान्याची हत्यारं सोन्यासारखी. दोराच्या गाठी मारायला आर्टरी फोर्सेप्स हा चिमटा, सांध्यातला गोंद खरवडायला प्रोब ही टोकदार सळी. मासेमारीच्या आठ छोट्या होड्या धातूच्या ओतीव आहेत, वाट्यांसारख्या एकात एक बसतात. पण कडा खडबडीत, त्या दात कोरायच्या यंत्राला बर, म्हणजे त्याचं फिरतं टोक, लावून घासल्या. ते यंत्र, आमचा हॅंडपीस, हातात आला आणि तासभर जुने दिवस परत आले.

दोरा मात्र टाकाऊ. लव इतकी की डोलकाठीला दाढी आल्यासारखी दिसते. मेणावरून दोनदा ओढला तेव्हा कुठे गुळगुळीत झाला. त्यात सुती, म्हणजे पावसाळ्यात तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला, ऑक्टोबरच्या उन्हात लोंबला. शेवटी पॉलिएस्टरचा दोरा आणून अर्धं काम नव्याने केलं. शिडं तर किटमध्ये नाहीतच, आणि हे खोक्यावर बारीक अक्षरात छापलंय, तेही तळाशी! मी मलमल चहाच्या पाण्यात बुडवून वाळवली, जोड पेन्सिलने आखले. रंग छान आला, वास मात्र आठवडाभर सकाळच्या चहाचा.

पाचपैकी साडेतीन. लाकडाचे चार, पुस्तिकेचा एक, बाकी माझ्या चिकाटीचे म्हणा. पहिलंच जहाज करणार असाल तर विचारायला कुणी जाणकार गाठल्याशिवाय हे घेऊ नका. आणि काचेच्या पेटीचा खर्च आधीच धरा. आमच्या सुताराने सांगितलेला आकडा ऐकून ह्यांनी सुचवलंय, जहाज टेबलावरच राहू दे, आपण जमिनीवर बसून जेवू.