आगमनकाळाचा मराठी संच: मेणबत्त्या बदला, कार्डं जपून ठेवा

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की बांद्र्याच्या हिल रोडवर, क्रॉफर्ड मार्केटात आणि चर्चच्या आवारातल्या टेबलांवर आगमनकाळाचे, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळाचे, तयार संच मांडलेले दिसतात. बहुतेक संचांत प्लास्टिकची हिरवी माळ, चार मेणबत्त्या आणि एक इंग्रजी पत्रक असतं. हा संच वेगळा आहे. तो मराठीत प्रार्थना करणाऱ्या घरांसाठी काढलाय, आणि त्यातली खरी वस्तू म्हणजे बारा वाचन-कार्डं. मसीहा येणार हे वचन संदेष्ट्यांनी कोणाला, कधी आणि कशासाठी दिलं, हे घरच्या माणसांनी रोज थोडं थोडं वाचावं हा त्यामागचा हेतू. खोक्यावर छापणाऱ्याचं नाव नाही; किंमत पाचशेच्या आत.

आत निघतं ते असं: तीस सेंटिमीटर व्यासाचं तारेचं कडं, त्यावर डाग दिलेल्या चार पत्र्याच्या वाट्या, तीन जांभळ्या, एक गुलाबी आणि एक पांढरी मेणबत्ती, माळ, कार्डं आणि घडीचं पत्रक. चार कार्डं रविवारांची, सात १७ ते २३ डिसेंबरची, एक नाताळच्या आदल्या रात्रीचं.

आधी पत्रकातल्या दोन चुका. चित्रात गुलाबी मेणबत्ती चौथ्या जागी दाखवलीये. ती तिसऱ्या रविवारची. त्या रविवारच्या मिस्सेची (कॅथलिक उपासनेची) सुरुवात ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ या फिलिप्पैकरांच्या पत्रातल्या वचनाने होते (४:४), म्हणून त्या दिवशी जांभळा रंग फिका होऊन गुलाबी होतो. क्रम जांभळी, जांभळी, गुलाबी, जांभळी असा लावा. मधली पांढरी २४ तारखेच्या रात्री. दुसरी चूक म्हणजे मेणबत्त्यांचं हे कडं पहिल्या शतकापासून चालत आलंय असं पत्रक सांगतं. तसं नाही. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न या पाळकांनी आपल्या आश्रमातल्या मुलांना नाताळ किती दिवसांवर आलाय हे कळावं म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, तिथून ही प्रथा पसरली. प्रथा नवी असली म्हणून तिचं काही बिघडत नाही. खोटं वय सांगायची गरज नव्हती.

मेणबत्त्यांचं गणितही चुकलंय. प्रत्येक मेणबत्ती दोन सेंटिमीटर जाड, पंधरा सेंटिमीटर उंच, वजनाला चाळीस ग्रॅमच्या आसपास. अशी पॅराफिनची मेणबत्ती तासाला सहा-सात ग्रॅम जळते, म्हणजे जेमतेम सहा तास पुरते. २०२६ मध्ये आगमनकाळ २९ नोव्हेंबरला सुरू होतो, म्हणजे २४ डिसेंबरपर्यंत २६ संध्याकाळी. पत्रक रोज पंधरा मिनिटं पेटवायला सांगतं, आणि दर रविवारी आधीच्या मेणबत्त्यांत एक नवी वाढते. मग पहिली मेणबत्ती साडेसहा तास जळणार, दुसरी पावणेपाच, तिसरी तीन आणि चौथी अवघा सव्वा तास. पहिली नाताळच्या आधीच वाटीत बसते. वर पंखा चालू असेल तर ज्योत एका बाजूला कलते, मेण एकाच अंगाने ओघळतं आणि मेणबत्ती त्याहून लवकर संपते. उपाय सोपा आहे: रोज दहाच मिनिटं पेटवा, तेवढ्या वेळात एक कार्ड शांतपणे वाचून होतं. वात अर्धा सेंटिमीटर ठेवून कापा, पंखा बंद करा. किंवा पहिली मेणबत्ती वेगळी, जाड घ्या. जांभळीच मिळाली पाहिजे असा हट्ट नको. माहीमच्या चर्चबाहेर बुधवारी मिळते तसली साधी पांढरी घेऊन बुडाशी जांभळी फीत गुंडाळली तरी चालतं.

वाट्या मेणबत्तीपेक्षा किंचित मोठ्या आहेत, त्यामुळे ती डुलते. बुडाला ॲल्युमिनियमच्या फॉइलचे दोन वेढे दिले की घट्ट बसते. प्लास्टिकची माळ ज्योतीच्या पातळीजवळ आणू नका, चौथ्या आठवड्यात पहिली मेणबत्ती आखूड झालेली असते तेव्हा तर मुळीच नको. त्यापेक्षा दादरच्या फूलबाजारातून अशोकाची पानं आणा आणि दर शनिवारी बदला. सुकलेली पानं प्लास्टिकइतकीच धोक्याची. संच खिडकीत ठेवू नका, दुपारच्या उन्हात मेणबत्त्या वाकतात. खाऱ्या हवेत तारेला गंज चढतो, तेव्हा ठेवून देताना तेलाचा हात फिरवा.

आता कार्डांकडे. यांच्यासाठी हा संच घ्यावा.

मसीहाविषयीच्या भविष्यवचनांची मराठीत मिळणारी बरीचशी छापील पानं दोन रकान्यांची असतात: डावीकडे जुना करार, उजवीकडे नवा करार, मध्ये ‘पूर्ण झाले’. वाचणाऱ्याला वाटतं, संदेष्टे कोडी घालत होते आणि सुवार्तिकांनी ती सोडवली. या कार्डांवर तीन रकाने आहेत. पहिल्यात वचन त्या काळच्या लोकांना काय सांगत होतं, दुसऱ्यात येशूच्या ठायी ते कसं पूर्ण झालं असं ख्रिस्ती श्रद्धा मानते, आणि तिसऱ्यात अजून काय बाकी आहे. हा तिसरा रकाना फार मोलाचा. आगमनकाळ दोन आगमनांचा असतो. पहिल्या रविवारचं शुभवर्तमान बाळ येशूविषयी बोलतच नाही. ‘जागे राहा’ असं सांगतं, कारण विषय प्रभू पुन्हा येण्याचा आहे. १६ डिसेंबरपर्यंत भर त्यावर असतो, १७ पासून तो बेथलेहेमकडे वळतो. हे न सांगता घरात कार्ड वाचलं तर पहिल्याच संध्याकाळी मुलं विचारतात, गोठा कुठे गेला? पत्रकाने हे दोन ओळींत सांगायला हवं होतं. कार्डांवरून ते कळतं, पण शोधावं लागतं.

सगळ्यात उत्तम कार्ड ‘अ’ वर्षाच्या (वाचनं तीन वर्षांनी फिरून येतात, त्या वर्षांना अ, ब, क म्हणतात) चौथ्या रविवारचं, यशया ७:१०-१४. ‘कुमारी गर्भवती होऊन पुत्र प्रसवेल’ एवढीच ओळ बहुतेकांना पाठ असते. कार्ड वाचणाऱ्याला आधी यरुशलेमात नेतं. ख्रिस्तपूर्व ७३५ चा सुमार, यहूदाचा राजा आहाज घाबरलेला. अरामाचा रसीन आणि इस्राएलचा पेकह हे दोन राजे चालून आलेत. यशया संदेष्टा त्याला म्हणतो, चिन्ह माग. आहाज नकार देतो. तरी देव चिन्ह देतो: मूल जन्मेल, त्याचं नाव इम्मानुएल, आणि ते बरंवाईट ओळखू लागायच्या आत तुला धाक घालणाऱ्या या दोन राजांचा देश ओसाड पडेल. हे शेवटचं वचन सोळावं आहे. मिस्सेचं वाचन चौदाव्यावर थांबतं, म्हणून ते कानी पडत नाही. कार्डाने ते घेतलंय. मग मत्तय १:२२-२३. घाबरलेल्या राजाला ‘देव आमच्याबरोबर’ असं आश्वासन मिळालं होतं, आणि मत्तय सांगतो की ते आता देहधारी झालं. आहाज वगळला तर इम्मानुएल नुसतं सुंदर नाव उरतं.

दुसऱ्या रविवारचं, यशया ११:१-१० चं कार्डही असंच. इशायाच्या, म्हणजे दावीद राजाच्या बापाच्या, बुंध्याला फुटलेला कोंब, त्याच्यावर प्रभूचा आत्मा, गरिबांना न्याय. आणि मग लांडगा कोकराजवळ राहील. तिसऱ्या रकान्यात सरळ छापलंय की लांडगा अजून कोकराजवळ राहत नाही, आणि ख्रिस्ती माणूस ‘तुझे राज्य येवो’ म्हणतो तेव्हा हेच मागत असतो. तिसऱ्या कार्डावर (‘ब’ वर्ष, यशया ६१) आणखी बारकाईचं काम आहे. नासरेथच्या सभास्थानात येशूने हाच उतारा वाचला, लूक ४:१८-१९. त्याने ‘प्रभूच्या प्रसादाचे वर्ष’ इथे वाचन थांबवलं आणि ग्रंथपट गुंडाळून दिला. यशयात त्याच वाक्यात पुढे ‘सूड घेण्याचा दिवस’ आहे. कार्डावर त्या जागी फक्त एक आडवी रेघ आणि ‘इथे थांबला’ एवढे दोन शब्द. उपदेशाचं पान भरण्यापेक्षा हे किती तरी बरं.

एक त्रुटी मात्र वापरणाऱ्याला नक्की अडवते. वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं: ३० नोव्हेंबर २०२५ पासून ‘अ’, २९ नोव्हेंबर २०२६ पासून ‘ब’, २८ नोव्हेंबर २०२७ पासून ‘क’. कार्डांच्या दर्शनी बाजूला ‘अ’ आहे, मागे बारीक टायपात ‘ब’ आणि ‘क’. कोणतं वर्ष कधी, हे कुठेच लिहिलेलं नाही. वरच्या तीन तारखा खोक्याच्या झाकणावर पेनने लिहून टाका.

दुसरी अडचण आकड्यांची. ‘क’ वर्षाच्या चौथ्या रविवारी कार्ड ‘मीखा ५:१-४’ देतं. ही हिब्रू गणती. घरातलं बायबल पवित्र शास्त्राच्या नेहमीच्या आवृत्तीचं असेल तर त्यात बेथलेहेम एफ्राथाचं वचन ५:२ ला आहे, आणि ५:१ उघडलं की वेढा पडलाय आणि इस्राएलच्या न्यायाधीशाच्या गालावर काठी मारतायत असं वाचायला मिळतं. वाचणारा गोंधळतो, चूक कार्डाची की आपली? कुणाचीच नाही, एक वचन पुढे जा. ‘कारण आम्हांसाठी बाळ जन्मले आहे’ या वचनाचंही तेच, कुठे यशया ९:५, कुठे ९:६. ‘क’ वर्षाच्या दुसऱ्या रविवारी तर बारूख ५:१-९ दिलंय. बारूख कॅथलिकांच्या ७३ पुस्तकांच्या बायबलमध्ये असतं, प्रॉटेस्टंटांच्या ६६ मध्ये नसतं. संच ‘सर्व ख्रिस्ती घरांसाठी’ म्हणून विकला जातो, तेव्हा पर्याय छापायला हवा होता. प्रॉटेस्टंट चर्चमध्ये चालणाऱ्या वाचनयादीत त्या दिवशी मलाखी ३:१-४ चालतं, तेच वाचा.

मलाखीचं नाव निघालंच आहे तर ‘ब’ वर्षाच्या दुसऱ्या कार्डाला दाद द्यायला हवी. मार्क आपलं शुभवर्तमान यशयाच्या नावाने सुरू करतो, पण ‘पाहा, मी आपल्या दूताला तुझ्यापुढे पाठवतो’ ही ओळ यशयात कितीही शोधली तरी सापडत नाही. ती मलाखी ३:१ ची आहे. ‘अरण्यात घोषणा करणाऱ्याची वाणी’ ही पुढची ओळ यशया ४०:३ ची. मार्कने दोन्ही जोडल्या आहेत. कार्ड हे लपवत नाही, आणि योहान बाप्तिस्मा करणारा हाच तो दूत आणि येणारा एलीया, अशी ख्रिस्ती समजूत नीट मांडतं. इथे मुंबईत राहणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मलाखीच्याच पुस्तकाच्या शेवटी (४:५) असलेल्या वचनामुळे यहुदी लोक एलीयाची वाट अजून पाहतात, आणि मराठी बोलणारे बेने इस्राएल यहुदी याच संदेष्ट्याच्या नावाने घरी मलिदा करतात. हे ग्रंथ आधी त्यांचे. कार्डांच्या पहिल्या रकान्यात त्यांचा मान राखलाय. पत्रकाच्या शेवटच्या परिच्छेदात ‘यहुद्यांना कळले नाही’ असं वाक्य आलंय, ते पुढच्या छपाईत काढून टाकावं.

१७ ते २३ डिसेंबरची सात कार्डं संध्याकाळच्या प्रार्थनेतल्या सात प्राचीन आळवण्यांवर आहेत: हे प्रज्ञे, हे प्रभो, हे इशायाच्या मुळा, हे दावीदाच्या किल्ली, हे उदयप्रकाशा, हे राष्ट्रांच्या राजा, हे इम्मानुएल. प्रत्येकीच्या शेवटी ‘ये’. मराठीकरण मोठ्याने वाचायला चांगलं आहे, जीभ अडखळत नाही. २० तारखेच्या कार्डावर थोडा जास्त वेळ द्या. यशया २२:२२ मधली किल्ली मुळात एल्याकीम नावाच्या कारभाऱ्याला दिलीये. शेबना नावाच्या गर्विष्ठ अधिकाऱ्याने स्वतःसाठी खडकात थडगं खोदायला घेतलं म्हणून त्याला काढून एल्याकीमला नेमलं. प्रकटीकरण ३:७ मध्ये तीच किल्ली ख्रिस्ताच्या हाती आहे. कार्डावर दोन्ही माणसांची नावं आहेत, पण शेबनाला का काढलं ते नाही. म्हणून त्या संध्याकाळी यशयाचा बाविसावा अध्याय पंधराव्या वचनापासून उघडा.

शेवटचं, २४ तारखेचं कार्ड पातळ आहे: यशया ९ मधली चार नावं आणि एक प्रार्थना. ज्या वर्षी नाताळ सोमवारी येतो, जसा २०२३ मध्ये आला होता, त्या वर्षी चौथा रविवार आणि आदली रात्र एकाच तारखेला पडतात. त्या दिवशी चौथी मेणबत्ती सकाळी पेटवून रविवारचं कार्ड वाचा, आणि पांढरी रात्री.