इन्स्टाग्रामचं मेन्शन, टॅग आणि कोलॅब: लाडवांच्या धंद्यात दीड वर्ष वापरून

सदाशिव पेठेत एक ताई बाळंतविडा शिवतात, कुंची, झबली, टोपरं, दुपटी, सगळं मऊ सुती कापडात. नोव्हेंबरमधे त्यांनी एका स्टोरीत मला मेन्शन केलं आणि तेवढ्यावरून डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवांच्या ९ ऑर्डर आल्या. कोणाला ९ कमी वाटतील, पण मी कर्वेनगरला घरातून लाडू करते, दोन शेगड्या आणि वळायला एक मावशी, त्यात ९ नवीन घरं म्हणजे अख्खा आठवडा भरला. आणि घरं पण कशी, तर जिथे बाळ आलंय किंवा येणारे, म्हणजे ज्यांना हे लाडू खरंच लागतात तीच. तेव्हापासून घरगुती धंदा करणाऱ्या दोनतीन मैत्रिणी विचारतायत की हे दुसऱ्या दुकानांना मेन्शन करायचं प्रकरण नक्की चालतं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. चालतं. पण लोकांना वाटतं तसं नाही चालत.

आधी तीन गोष्टी वेगळ्या समजून घ्या, मला पहिले सहा महिने त्या एकच वाटायच्या. कॅप्शनमधे किंवा स्टोरीत ॲट लावून दुसऱ्याचं हँडल, म्हणजे अकाउंटचं नाव, लिहिलं की ते मेन्शन. फोटोवरच बोट ठेवून नाव लावलं तर तो टॅग, २०१३ पासून आहे हे, एका पोस्टला २० जणांपर्यंत लावता येतं आणि तो फोटो समोरच्याच्या प्रोफाइलवर टॅगवाल्या वेगळ्या कप्प्यात जाऊन बसतो. आणि कोलॅब म्हणजे एकच पोस्ट दोघांच्या प्रोफाइलवर दिसते, लाइक आणि कमेंट दोघांचे एकत्र, ही सोय ऑक्टोबर २०२१ मधे आली आणि यात समोरच्याने हो म्हणावं लागतं.

आता खरी गंमत कॅप्शनच्या मेन्शनमधे आहे. आपल्याला वाटतं एखाद्या दहा हजार फॉलोअरवाल्या दुकानाचं हँडल लिहिलं की त्या दहा हजारांना आपली पोस्ट दिसणार. अजिबात नाही. नोटिफिकेशन फक्त त्या दुकानाच्या अकाउंटला जातं, म्हणजे ते अकाउंट बघणाऱ्या एका माणसाला. कडी वाजवली इतकंच, दार उघडायचं का नाही ते त्यांनी ठरवायचं. स्टोरीत मेन्शन केलं तर थोडं बरं, कारण त्यांच्या मेसेजमधे तुमची स्टोरी जाते आणि खाली आपल्या स्टोरीला लावा असं बटण येतं, एका टचमधे काम होतं. पण त्यासाठी तुमचं अकाउंट पब्लिक पाहिजे, आणि २४ तास झाले की स्टोरीबरोबर ते बटणही गेलं. मी एकदा ऐन धनत्रयोदशीला एका दुकानाला स्टोरीत मेन्शन केलं होतं, लक्ष्मी रोडला पाय ठेवायला जागा नसते त्या दिवशी, कोण बघणारे मोबाइल, पाडव्यानंतर त्यांनी बघितलं तर स्टोरी कधीच उडालेली. आता मी सण सोडून मधल्या वारी, सकाळी दुकान उघडायच्या आधी टाकते.

मधे एक चूक झाली ती पण सांगते कारण अजून बरेच जण त्यातूनच जातायत. सुरुवातीला मी एका सोशल मीडिया सांभाळणाऱ्यांना तीन महिन्यांचे पैसे दिले होते. त्यांनी काय करावं, प्रत्येक पोस्टला पूर्ण २० टॅग. मोठे मिठाईवाले, हॉटेलं, पुण्याची पेजं, दोन अभिनेत्री. फोटोत लाडू सोडून यातलं काहीही नाही. कोणी ढुंकून बघितलं नाही ते ठीक, पण त्या २० मधे मी ज्यांच्याकडून वर्षानुवर्षं साजूक तूप घेते ते दुकानही होतं, आणि त्यांचा फोन आला. "ताई, आमच्या टॅगमधे सगळीकडे तुमचे लाडू दिसतायत, लोक दुकानात येऊन लाडू मागतायत, नाही म्हटलं की वैतागतात." मला इतकं वाईट वाटलं, ज्या माणसाने कधी तुपात खोट केली नाही त्याच्या गल्ल्यावर मी डोकेदुखी पाठवली. त्याच दिवशी बसून सगळे टॅग काढले. तीन महिन्यांनंतर काम बंद. आणि तुम्ही स्वतः दुकान चालवत असाल तर सेटिंगमधे जाऊन टॅग आधी आपल्याला विचारून मगच प्रोफाइलवर येतील असं करून ठेवा, ती सोय आहे आणि पुष्कळांना माहीत नसते.

त्यानंतर मी एकच नियम पाळला, फोटोत जी वस्तू खरोखर दिसते तिच्याच माणसाचं नाव घ्यायचं, आणि त्याच्या कामाबद्दल एक वाक्य असं लिहायचं की त्याला ते आपल्या गिऱ्हाइकाला दाखवावंसं वाटेल. कसबा पेठेतल्या तांबट आळीतून मी एक तांब्याचं ताट आणलं होतं, त्यात मेथीचे लाडू ठेवून फोटो काढला. त्या ताटावर जे बारीक बारीक ठोके असतात ना, त्याला मठारकाम म्हणतात, हातोडीने एकेक ठोका ओळीत मारायचा, त्याने पत्र्याला मजबुती पण येते आणि उजेडात ती चकाकी दिसते. पेशव्यांच्या काळापासून ही आळी हे काम करतेय. मी एवढंच लिहिलं आणि फोटो खिडकीच्या उन्हात तिरका काढला, ठोके दिसावेत म्हणून. कारागिरांचा पुतण्या त्यांचं अकाउंट बघतो, त्याने तासाभरात स्टोरीला लावलं आणि मेसेज केला, काकूंनी फोटो मागितलाय म्हणून. कमेंटमधे लोक लाडवांपेक्षा ताटाचं जास्त विचारत होते, सुरुवातीला मन थोडं खट्टू झालं पण मग तीच माणसं माझ्या प्रोफाइलवर आली, त्यातल्या काहींनी दिवाळीत ऑर्डर दिली. तांब्याची भांडी विकत घेणाऱ्याला साजूक तुपातल्या लाडवाचा भाव समजावून सांगावा लागत नाही, हा एक फायदा माझ्या आधी लक्षात नव्हता आला.

म्हणजे कोणाला मेन्शन करायचं याचं माझं उत्तर असं, गिऱ्हाईक तेच पण माल वेगळा. दुसऱ्या लाडूवालीला केलं तर तिला संकोच आणि मलाही, मोठ्या मिठाईवाल्याला माझी गरज नाही. पण बाळंतविडा, तांब्याची भांडी, बारशाची सजावट, पाळणे भाड्याने देणारे, यांच्याकडे येणारं घर आणि माझ्याकडे येणारं घर एकच.

बाळंतविड्याच्या ताईंबरोबर आधी स्टोरी झाली आणि मग जानेवारीत कोलॅब केलं. रील साधंच, अर्ध्यात त्यांचे हात कुंचीला लेस लावतायत, अर्ध्यात माझे हात डिंक तळतायत, डिंक फुलतो ते बघायला लोकांना फार आवडतं. टाकायच्या आधी आम्ही फोनवर बसून ठरवलं.

"पोस्ट तुमच्याकडून टाकायची का माझ्याकडून?"

"तुझ्याकडून टाक गं, पण उद्या डिलीट नको करूस, माझ्याकडून पण जाईल ना ती."

बरोबर होतं त्यांचं, ज्याने टाकली त्याने काढली की दोन्हीकडून जाते, दुसऱ्याला फक्त आपलं नाव काढून घेता येतं. हे पण ठरवलं की भाव कोणी विचारला तर कुंचीचं उत्तर त्या देणार, लाडवांचं मी, नाहीतर एकाच कमेंटखाली दोघींची दोन उत्तरं आणि गिऱ्हाईक गोंधळात. पोस्ट कोणी किती बघितली ते ॲप जिथे दाखवतं त्या इन्साइटमधे बघितलं तर बघणाऱ्यांत फॉलो न करणारेच जास्त होते, माझ्या एकटीच्या रीलला ते प्रमाण उलटं असतं. आणि एक गोष्ट आम्ही दोघींनी पक्की केलीय, गिऱ्हाइकाच्या बाळाचा फोटो आला तरी आईला विचारल्याशिवाय टाकायचा नाही आणि तिला टॅग तर अजिबात करायचं नाही. तिने कौतुकाने पाठवलेला असतो तो.

हँडल टाइप करताना जपा. आपली मराठी नावं इंग्रजी अक्षरांत प्रत्येकाची वेगळी, श्रीमधे कोणी दोन ई घालतं कोणी आय, लक्ष्मीचे तर किती प्रकार. वर जे पहिलं सुचवलं ते दाबलं आणि मी एकदा त्याच नावाच्या दुसऱ्याच गावातल्या दुकानाचं दिवसभर कौतुक केलं होतं. आता आधी प्रोफाइल उघडते, पत्ता पुण्याचा आहे ना बघते, मगच.

आणि फुकट काही घेतलं दिलं असेल तर लिहा, हे मी मनापासून सांगतेय. एका कॉफीवाल्यांना मी चवीला डबा दिला, त्यांनी मला कॉफीची पाकिटं दिली, दोघांनी एकमेकांचं कौतुक केलं, तर एका बाईंनी कमेंटमधे विचारलं की हे पेड आहे का. मला आधी राग आला आणि मग वाटलं की चूक आमचीच आहे, तिला कसं कळणार. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ मधे इन्फ्लुएन्सर लोकांसाठी नियम काढलेत आणि जानेवारी २०२३ मधे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानेही माहितीपुस्तिका काढली, त्यात पैसेच नाही तर फुकट वस्तू मिळाली असेल तरी ते ठळक सांगायचं आहे. आपण इन्फ्लुएन्सर नसू, पण ओळीच्या सुरुवातीलाच "त्यांनी आम्हाला पाकीट भेट दिलं" असं लिहायला काय जातं? उलट त्यानंतर कोणी शंका नाही घेतली.

फेसबुकबद्दल थोडंच. तिथे मेन्शन २००९ पासून आहे आणि तरुण मंडळी तिथे नाहीत म्हणून मैत्रिणी सोडून देतात, पण लेकीच्या बाळंतपणासाठी लाडू सांगणारी आई आणि मावशी तिथेच आहे. तिथे माझ्या पोस्टपेक्षा उत्तरांचा उपयोग जास्त झाला, कोणी कुंची कुठे मिळेल विचारलं की मी ताईंचं पेज मेन्शन करते, स्वतःचं काही लिहित नाही. त्याची परतफेड कशी होते ते नोव्हेंबरमधे बघितलंच.

मार्क द्यायचे तर कॅप्शनमधलं मेन्शन ५ पैकी २, एकटं काही करत नाही. फोटोवरचा टॅग ३, कारण तो कप्प्यात राहतो आणि दुकान शोधत आलेला माणूस महिन्यांनंतरही बघतो. स्टोरी ४, पण फोन करून "दादा, आज तुमचं नाव घेतलंय हां" असं सांगितलं तरच, नाहीतर अडीच. कोलॅब साडेचार. पैसे कशालाच लागत नाहीत, वेळ लागतो आणि ओळख लागते.

मोठी तक्रार एकच, कुठल्या मेन्शनमधून कोण गिऱ्हाईक आलं हे इन्स्टा सांगत नाही. रीच, म्हणजे पोस्ट किती जणांपर्यंत पोचली ते सांगतं, प्रोफाइलवर किती आले सांगतं, पण ऑर्डर देणाऱ्या माणसाचा रस्ता कळत नाही. म्हणून मी एक वही केलीय, प्रत्येकाला फोनवर विचारते कुठून कळलं आणि नावासमोर लिहिते. अळिवाचे लाडू ओल्या नारळाचे असतात, फार दिवस टिकत नाहीत, त्यामुळे डिलिव्हरीच्या दिवसासाठी फोन करावाच लागतो, त्यातच विचारून होतं.

त्या वहीत एक नोंद अशी आहे जी इन्स्टामधे कुठेच सापडणार नाही. रविवार पेठेत बोहरी आळीत एक काका आहेत, त्यांच्याकडून मी बरण्या आणि खोकी घेते. त्यांचं अकाउंट नाही, हँडल नाही, टॅग करणार कशाला? मी फोटोखाली मराठीत दुकानाचं नाव आणि गल्ली लिहायला लागले, लोकेशन लावलं, गूगल मॅपवर दुकानाचा फोटो टाकून चार ओळी लिहिल्या. एकदा बरण्या आणायला गेले तेव्हा ते त्यांना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, आधी काही बोलले नाहीत, मग म्हणाले, तुझी कार्डं असतील तर ठेव इथे. मी २० ठेवली. गेल्या आठवड्यात फोनवर एका बाईंनी सांगितलं, बरण्यांच्या दुकानातल्या काकांनी तुमचं कार्ड दिलं आणि म्हणाले लाडू हिच्याकडूनच घ्या. उद्या जाऊन अजून ५० कार्डं ठेवून येणार आहे.