एकाच फळीवर तीन कर्ण

गोव्यातल्या फोंड्याच्या वरच्या बाजारात एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर भाड्याने पुस्तके देणारे एक दुकान आहे. त्याला फलक नाही आणि त्यामुळे नावही नाही; सभासद त्याचा उल्लेख ‘माडीवरचे’ एवढाच करतात. गेल्या आषाढात पावसापासून आडोसा म्हणून मी तो अरुंद जिना चढलो आणि त्यानंतरच्या चार महिन्यांत तिथून सतरा पुस्तके घरी नेऊन वाचली, तेव्हा या सेवेविषयी लिहिण्याइतका अनुभव आता गाठीशी आहे. अनामत 500 रुपये, एका पुस्तकाचे आठवड्याचे भाडे 20 रुपये, उशीर झाल्यास दिवसाला 5 रुपये दंड, असा सरळ व्यवहार आहे.

सरळ नाही ती मांडणी. येथील पुस्तके लेखकाच्या नावाने किंवा विषयवारीने लावलेली नसून पात्रांच्या नावाने लावलेली आहेत. प्रत्येक फळीच्या कडेला पुठ्ठ्याची पट्टी आहे आणि तिच्यावर मालकांच्या वळणदार अक्षरात ‘कर्ण’, ‘कृष्ण’, ‘होम्स’, ‘फ्लॅश’ अशी नावे आहेत. पहिल्या दिवशी मला हा निव्वळ विक्षिप्तपणा वाटला, कारण हवे ते पुस्तक शोधायला अर्धा तास गेला. पण ‘कर्ण’ या फळीसमोर उभा राहिलो तेव्हा या पद्धतीतले मर्म ध्यानात आले. तिथे शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’, रणजित देसाईंचे ‘राधेय’ आणि इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ ही तीन पुस्तके एकमेकांना टेकून उभी आहेत. त्यांपैकी ‘मृत्युंजय’ आणि ‘युगान्त’ ही दोन्ही 1967 साली प्रसिद्ध झाली, म्हणजे मराठी वाचकाच्या हाती एकाच वर्षी दोन कर्ण आले, आणि त्या दोघांचे एकमेकांशी मुळीच पटण्यासारखे नाही. सावंतांचा कर्ण सूर्याकडे पाहत स्वतःची कहाणी सांगतो आणि ती ऐकताना त्याच्यावर झालेला प्रत्येक अन्याय आपल्यालाच लागतो. कर्वे यांचा कर्ण ‘मी कोण?’ या लेखात भेटतो; तिथे त्याच्या दुःखाचे मूळ समजावून घेतलेले असले, तरी भर सभेत द्रौपदीची वस्त्रे उतरवा असे सांगणारा तोच होता आणि घोषयात्रेत, म्हणजे कौरव वनात गुरे पाहायला गेले तेव्हा, गंधर्वांपुढून दुर्योधनाला सोडून पळालेलाही तोच होता, याचा विसर पडू दिलेला नाही.

मी दोन्ही पुस्तके एकदम काढून काउंटरवर ठेवली, तेव्हा मालकांनी ‘युगान्त’ उचलून बाजूला केले आणि म्हणाले, “दोन्ही एकदम नेऊ नका, सर. आधी कादंबरी न्या, ती परत करा आणि मग बाईंचं न्या. उलटं केलंत तर कादंबरी अर्ध्यावर टाकाल.” मी त्यांचे ऐकले नाही आणि त्यांनी सांगितले तसेच झाले. पुस्तके भाड्याने देणाऱ्या माणसाला पुस्तकांचे स्वभाव इतके ठाऊक असणे आता दुर्मीळ झाले आहे.

एखाद्या पात्राची त्याच्याच दुसऱ्या रूपाशी गाठ पडावी, असे कथानक अलीकडे चित्रकथा आणि चित्रपटांमुळे बरेच चलनात आहे, आणि या दुकानातला ‘फ्लॅश’ या अतिवेगवान अमेरिकी चित्रकथा-नायकाचा कप्पा त्या प्रकाराचे एक उगमस्थान दाखवतो. सप्टेंबर 1961 च्या 123 व्या अंकाची कथा तिथे एका संग्रहात आहे. 1956 पासूनचा फ्लॅश, म्हणजे बॅरी ॲलन, त्या कथेत वेगाच्या भरात दुसऱ्याच पृथ्वीवर जाऊन पोहोचतो आणि 1940 चा फ्लॅश असलेल्या जे गॅरिकला भेटतो. गंमत अशी की बॅरी लहानपणापासून जे गॅरिकला चित्रकथेतले पात्र म्हणूनच ओळखत आलेला आहे. मुखपृष्ठावर विटांच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दोघे फ्लॅश एकाच माणसाला वाचवायला धावताना दिसतात आणि आता यांची टक्कर होणार असे वाटते. प्रत्यक्षात मात्र आत थोरल्याने धाकट्याचे आगतस्वागत करावे तसा प्रकार आहे आणि दोघे मिळून चोरांचा बंदोबस्त करतात. अंक ऐतिहासिक आहे, चित्रे देखणी आहेत, पण ज्याला संघर्ष म्हणावा तो त्यात नाही, कारण कोणाचेही काही हिरावले जात नाही.

तो संघर्ष मला एडगर ॲलन पो यांच्या कथासंग्रहात मिळाला. 1839 सालच्या ‘विल्यम विल्सन’ या कथेत नायकाच्या शाळेत त्याच्याच नावाचा, त्याच दिवशी जन्मलेला आणि त्याच दिवशी शाळेत दाखल झालेला दुसरा मुलगा असतो. त्याच्यात एकच उणीव आहे: त्याचा आवाज कुजबुजीपलीकडे चढत नाही. नायक पुढे जुगारात लबाडी करतो, परक्या बायकांच्या मागे लागतो, आणि प्रत्येक वेळी ती कुजबूज त्याच्या कानाशी येते. या कथेत खरा विल्सन कोण, हा प्रश्नच गैरलागू ठरतो, कारण दोघांचाही त्या नावावर सारखाच हक्क आहे. आणि माझ्या मते असा सारखा हक्क असल्याशिवाय या प्रकारच्या कथेला धार येत नाही. एक अस्सल आणि दुसरा तोतया असे पहिल्या पानावरच ठरले, की उरते ती फक्त पोलीसचौकशी.

आपल्या पुराणांत तोतयाचे प्रसिद्ध उदाहरण पौंड्रक या राजाचे आहे. शंख, चक्र, गदा अशी चिन्हे धारण करून खरा वासुदेव मीच, तू ते नाव सोड, असा निरोप तो कृष्णाला पाठवतो आणि शेवटी मारला जातो. मी ही कथा लहानपणी कीर्तनात ऐकली तेव्हा सगळे मंडप भरून हसले होते. या वेळी ‘कृष्ण’ या फळीवरचे मराठी भागवत नेऊन दशमस्कंध नीट वाचला, तेव्हा त्यात हसण्यापलीकडचेही काही दिसले: सतत कृष्णाचेच ध्यान आणि त्याचेच रूप घेतल्यामुळे पौंड्रक अखेरीस तन्मय झाला, असे भागवतकार सांगतात. एवढे एक वाक्य त्या विदूषकाला एकदम उंचीवर नेते.

आता तक्रारी. पावसाळ्यात त्या माडीवर ओल येते, खालच्या दोन फळ्यांवरच्या पुस्तकांना बुरशीचा वास आहे, आणि माझ्या हाती आलेल्या ‘राधेय’ची शेवटची काही पाने कसरीने चाळणीसारखी केलेली होती. स्पायडरमॅनची फळी तर निराशाजनकच आहे. 2023 साली अनेक स्पायडरमॅन एकमेकांच्या मागे लागलेला चित्रपट मराठीसह दहा भाषांत आपल्याकडे आला, त्यातल्या पवित्र प्रभाकर या भारतीय स्पायडरमॅनचा मूळ चार अंकांचा 2004 सालचा संच मुले मागत येतात, आणि त्यातला तिसरा अंक दुकानातून कधीच हरवलेला आहे. तरीही भाडे पूर्ण संचाचे घेतले जाते, हे योग्य नव्हे.

सर्वांत मोठा दोष नोंदवहीचा. तिच्यात सभासदांना क्रमांक नाहीत, केवळ नावे आहेत, आणि माझ्याच नावाचे व आडनावाचे दुसरे एक गृहस्थ बांदोड्याचे सभासद आहेत. भाद्रपदात माझ्या नावावर 85 रुपये दंड निघाला, तो त्यांनी मुदतीनंतर सतरा दिवस ठेवून घेतलेल्या एका रहस्यकथेचा होता. मी हुज्जत घातली, मालकांनी दोन्ही सह्या ताडून पाहिल्या, आणि माझी सही अधिक गिचमीड आहे या पुराव्यावर दंड मागे घेतला. पुढच्या आठवड्यात मी परत केलेले पुस्तक त्या गृहस्थांच्या खात्यावर जमा झाले, तेव्हा त्यांनीही हुज्जत घातली असे कळले. क्रमांक द्या, अशी विनंती मी दोनदा केली आहे.

एक सूचना मात्र लगेच मान्य झाली. परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला आणि ही भूमी मिळवली, हे आपल्याकडे पोरांनाही ठाऊक असते, म्हणून त्याची वेगळी फळी होती. पण राम आणि परशुराम हे दोघेही विष्णूचेच अवतार, आणि वाल्मीकींच्या बालकांडात ते समोरासमोर येतात तेव्हा राम वैष्णव धनुष्याला बाण लावून, तुझी गती हिरावू की तपाने मिळवलेले लोक, असे विचारतो. परशुराम लोक देऊन टाकतो आणि महेंद्र पर्वतावर निघून जातो. हे मी मालकांना सांगितले. त्यांनी काही न बोलता परशुरामाची पुस्तके उचलली आणि रामाच्या फळीवर, मधे चार बोटे जागा सोडून, लावली.

दुकान सकाळी साडेनऊ ते एक आणि दुपारी चार ते आठ उघडे असते, रविवारी बंद. जिना अंधारा आहे, विजेरी बरोबर ठेवावी.